फर्स्ट एडरवर दावा आला तर पैसे कोण भरणार? प्रथमोपचारकांसाठी दायित्व विमा तपासण्याची रीत

प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन झाला, बँडेज बांधून झालं, की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "माझ्या हातून काही चुकलं आणि माणसाला जास्त लागलं, तर केस माझ्यावर होणार का?" प्रशिक्षक म्हणतात, कंपनीचा विमा असतोच. एचआर म्हणतं, असणारच. आणि विषय तिथेच मिटतो.

हा लेख त्या 'असणारच'च्या जागी कागद कसा आणायचा याबद्दल आहे. एचआर, ॲडमिन किंवा सेफ्टी सांभाळणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण स्वतः फर्स्ट एडर असलेल्यांनीही वाचावा. कारण पॉलिसी कंपनीची असली तरी दाव्यात नाव तुमचंही येऊ शकतं.

आधी भीती जरा जागेवर आणू. प्रथमोपचारकावर दावा करून तो जिंकणं सोपं नाही. दावा करणाऱ्याला दाखवावं लागतं की काळजी घेण्याची जबाबदारी तुमच्यावर होती, तुम्ही निष्काळजीपणा केला, आणि नुकसान मूळ दुखापतीमुळे नव्हे तर त्या निष्काळजीपणामुळे झालं. तिसऱ्या मुद्द्यावर बरेच दावे अडकतात. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब देताना बरगडी मोडणं नेहमीचं आहे, तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. शिवाय मोजमाप डॉक्टरच्या कौशल्याचं लावलं जात नाही, तेवढंच प्रशिक्षण घेतलेल्या साधारण प्रथमोपचारकाचं लावलं जातं. मग विमा कशाला? तर दावा टिकला नाही तरी तो लढायला वकील लागतो, वैद्यकीय तज्ज्ञाचं मत लागतं, तारखांना जावं लागतं. दायित्व विम्याचा खरा उपयोग पुष्कळदा या बचावखर्चातच असतो.

पॉलिसी उघडण्याआधी : जखमी कोण आहे?

बहुतेक जण 'विमा आहे का' इथून सुरुवात करतात. त्याआधीचा प्रश्न जखमी माणूस कंपनीचा कोण लागतो, हा आहे. उपचार तोच, चूकही तीच, पण माणूस बदलला की पॉलिसी बदलते.

सहकारी जखमी असेल तर प्रकरण मालकाच्या कामगारविषयक दायित्वाकडे जातं. ज्या देशात जी व्यवस्था असेल तिकडे : कामगार नुकसानभरपाई, सामाजिक विमा किंवा एम्प्लॉयर्स लायबिलिटी पॉलिसी. ग्राहक, पाहुणा किंवा माल घेऊन आलेला ड्रायव्हर असेल तर पब्लिक लायबिलिटी किंवा कमर्शियल जनरल लायबिलिटी, म्हणजे सीजीएल, पॉलिसी लागू पडते. तिसरा गट सगळ्यात गोंधळाचा : कंत्राटी कामगार, एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड, शिकाऊ उमेदवार, स्वयंसेवक. एका पॉलिसीत तो 'कर्मचारी' धरला जातो, दुसरीत 'त्रयस्थ', आणि वाईट जुळणी झाली तर दोन्हींत नाही.

म्हणून एका कागदावर तुमच्या जागेत दिवसभरात येणाऱ्या माणसांचे प्रकार लिहून काढा. प्रत्येकासमोर एक रकाना ठेवा : याला आमच्या फर्स्ट एडरने हात लावला तर कुठली पॉलिसी? तो रकाना भरायचा, एवढंच पुढचं सगळं काम आहे.

कायदा तुम्हाला किती वाचवतो

'चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते देशावर ठरतं.

भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. मदतीला धावलेल्या सद्हेतू माणसावर, मदत करताना झालेल्या चुकीसाठीही, दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही असं ते सांगतं. पण ते कलम वाहन अपघातातल्या जखमींपुरतं आहे. शॉप फ्लोअरवर मशीनमध्ये बोट गेलेल्या माणसाला ते लागू नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला गुन्ह्यातून संरक्षण देतं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा ही त्यापासून वेगळी गोष्ट.

अमेरिकेत राज्याराज्यांचे 'गुड समॅरिटन' कायदे आहेत. मात्र त्यांतले बरेचसे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, आधीपासून बांधील नसताना मदत करणाऱ्यासाठी आहेत. मालकाने नेमलेला, त्या कामासाठी कदाचित भत्ता घेणारा फर्स्ट एडर त्यात बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ चा 'SARAH' (सामाजिक कृती, जबाबदारी व शौर्य) कायदा न्यायालयाला एवढंच सांगतो की निष्काळजीपणा ठरवताना तो माणूस समाजाच्या भल्यासाठी किंवा संकटातल्याला वाचवण्यासाठी धडपडत होता हे विचारात घ्या. सरसकट माफी त्यात नाही. जर्मनीत चित्र पुष्कळ स्वच्छ आहे : कामावरच्या अपघाताची भरपाई वैधानिक अपघात विमा देतो, आणि कामाच्या ओघात सहकाऱ्याला इजा झाली तर ती मुद्दाम केलेली असल्याशिवाय सहसा वैयक्तिक दायित्व येत नाही.

यातून आपल्यापुरतं एवढं घ्यायचं की मित्राच्या देशातलं उत्तर आपल्या कंपनीला लावू नये. दोन देशांत ऑफिसं असतील तर हा तक्ता दोनदा भरावा लागेल.

नोकरीत केलेल्या चुकीचा भार मालकावर, पण तिथेच थांबत नाही

नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाचा भार मालकावर पडतो, हे तत्त्व पुष्कळ देशांत मानलं जातं. त्यामुळे दावा बहुधा कंपनीवरच येतो, कारण पैसे तिथे आहेत. फर्स्ट एडरला हे सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. पण एक जुना खटला माहीत असावा.

लिस्टर विरुद्ध रॉमफर्ड आइस अँड कोल्ड स्टोरेज. ब्रिटनमधला लॉरी ड्रायव्हर लॉरी मागे घेत होता आणि मागे उभा असलेला त्याचा सहकारी जखमी झाला. तो सहकारी म्हणजे त्याचे स्वतःचे वडील. कंपनीच्या विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने त्या ड्रायव्हरकडूनच वसुलीचा दावा लावला. १९५६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल विमा कंपनीच्या बाजूने दिला. पुढे ओरड झाल्यावर तिथल्या विमा कंपन्यांनी संगनमत किंवा जाणूनबुजून केलेला गैरप्रकार नसेल तर नोकरांकडून अशी वसुली करणार नाही असं आपापसांत ठरवलं. म्हणजे तो समजुतीचा मामला झाला. तुमच्या देशात, तुमच्या विमा कंपनीची तशी समजूत आहे का?

पैसे भरल्यावर विमाधारकाच्या जागी उभं राहून दुसऱ्याकडून वसूल करण्याच्या या हक्काला सब्रोगेशन म्हणतात. कर्मचाऱ्यांविरुद्ध तो हक्क सोडून दिल्याचं कलम पॉलिसीत असावं. नसेल तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल करणारी जोडपुरवणी, मागावी. विमा कंपन्या यावर फारशी खळखळ करत नाहीत, पण कोणी मागतच नाही.

आता पॉलिसी काढा आणि ही चार ठिकाणं वाचा

पहिल्या पानावरचं शेड्यूल आणि ब्रोकरने पाठवलेला सारांश पुरेसा नाही. पूर्ण शब्दांकन मागवून घ्या. बऱ्याच कंपन्यांत ते कोणाकडेच नसतं, फक्त प्रीमियमची पावती असते.

पहिलं ठिकाण 'व्यवसाय' या शब्दाची व्याख्या. ब्रिटिश वळणाच्या पॉलिसींत विमाधारकाच्या व्यवसायात कँटीन, क्रीडा-कल्याण उपक्रम, आणि त्याच्या शेजारी प्रथमोपचार, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवा धरल्याचं एक वाक्य पुष्कळदा असतं. ते असेल तर अर्धं काम झालं. नसेल आणि व्यवसाय म्हणून फक्त 'सुट्या भागांचं उत्पादन' लिहिलं असेल, तर प्रथमोपचार हा त्या व्यवसायाचा भाग नव्हता असा मुद्दा उद्या निघू शकतो.

दुसरं, विमाधारक कोण. इथे एक बारीक शब्दयोजना असते : कंपनीच्या संचालक वा कर्मचाऱ्याला 'विमाधारकाच्या विनंतीवरून' संरक्षण मिळेल. याचा अर्थ फर्स्ट एडरला आपोआप काही मिळत नाही. कंपनीने विनंती केली तर मिळतं. कंपनीचं आणि त्याचं बिनसलं असेल, तो नोकरी सोडून गेला असेल, तर विनंती करणार कोण? याचा इलाज पॉलिसीत नाही, नेमणूकपत्रात आहे. त्याकडे पुढे येतो.

तिसरं, वगळलेल्या गोष्टी. सीजीएल पॉलिसी बहुधा अमेरिकेतल्या इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिसच्या, म्हणजे आयएसओच्या (प्रमाणपत्रं देणारी ती आयएसओ नव्हे), मसुद्यावर बेतलेल्या असतात. त्यात कर्मचारी नोकरीच्या कक्षेत केलेल्या कामासाठी विमाधारक मानले जातात. वाचताना बरं वाटतं. पण पुढच्याच ओळींत दोन अपवाद आहेत : कामावर असलेल्या सहकर्मचाऱ्याला झालेली शारीरिक इजा, आणि व्यावसायिक आरोग्यसेवा दिल्यामुळे किंवा न दिल्यामुळे झालेली इजा. पहिल्या अपवादाने सहकारी गेला. दुसऱ्याने, 'प्रथमोपचार ही व्यावसायिक आरोग्यसेवा आहे' असं कोणी म्हटलं तर पाहुणाही गेला. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या अकाउंटंटला आरोग्य व्यावसायिक म्हणणं ओढूनताणून आहे असं माझं मत. पण कंपनीत नेमलेली नर्स असेल तर तो शब्द तिला चपखल बसतो, आणि ज्या ऑफिसात नर्स आणि हौशी फर्स्ट एडर एकत्र काम करतात तिथे सीमारेषा कोण आखणार? दोन्ही अपवादांवर एंडोर्समेंट मिळतात : एक सहकर्मचाऱ्याच्या इजेचा अपवाद सैल करणारी, दुसरी 'इन्सिडेंटल मेडिकल मालप्रॅक्टिस' नावाची, म्हणजे वैद्यकीय व्यवसाय नसताना ओघात दिलेल्या उपचारातल्या चुकीसाठीची. नर्स किंवा डॉक्टर पगारावर असतील तर त्यांची व्यावसायिक दायित्व पॉलिसी वेगळी हवी. फर्स्ट एडरच्या सवलतीत त्यांना बसवू नका.

याच भागात संसर्गजन्य रोगाचा अपवादही शोधा. २०२० नंतर तो बऱ्याच पॉलिसींत शिरला आहे. तोंडाने श्वास देताना किंवा जखम धुताना संसर्ग झाल्याचा दावा त्यात अडकू शकतो.

चौथं, रक्कम आणि काळ. एका घटनेला किती आणि वर्षभरात एकूण किती, हे दोन वेगळे आकडे असतात. बचावखर्च त्या रकमेच्या आतून जातो की वेगळा मिळतो, हा आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न. आणि पॉलिसी 'घटना घडली तेव्हा' या पायावर आहे की 'दावा आला तेव्हा' या पायावर? दुसऱ्या प्रकारात आज घडलेल्या घटनेचा दावा दोन वर्षांनी आला तर त्या वेळची पॉलिसी चालते, आणि तिच्यातली रेट्रोॲक्टिव्ह तारीख, म्हणजे ज्या दिवसापासूनच्या घटना ती धरते तो दिवस, घटनेच्या आधीची असावी लागते. विमा कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली तर मधल्या काळातले सगळे प्रथमोपचार उघड्यावर पडतात.

नावावरून फसू नका. भारतात 'पब्लिक लायबिलिटी' नावाची सक्तीची पॉलिसी असते ती १९९१ च्या कायद्याखालची, घातक पदार्थ हाताळताना झालेल्या अपघातांसाठी. ती फाइलला लावून 'पब्लिक लायबिलिटी आहे' असं कोणी सांगितलं तर पाहुण्याच्या प्रथमोपचाराशी तिचा संबंध नाही. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा सक्तीचा आहे, किमान ५० लाख पौंडांचा. तो कर्मचाऱ्यांपुरता. बाहेरच्या माणसाला प्रथमोपचार देणं तिथल्या १९८१ च्या प्रथमोपचार नियमांखाली बंधनकारक नाही, आणि दुकानं, शाळा वगैरे ठिकाणी तो दिला जात असेल तर पब्लिक लायबिलिटी पॉलिसी मालकाने वेगळी तपासून घ्यावी लागते.

विमा कंपनीला लेखी विचारा

ब्रोकरचं फोनवरचं 'हो हो, कव्हर आहे' काही कामाचं नाही. त्याची नियत वाईट असते असं नाही, पण दाव्याच्या दिवशी तो निर्णय घेणारा नसतो. ईमेल करा आणि उत्तर विमा कंपनीकडून, कलमाच्या क्रमांकासह, मागा. मजकूर साधारण असा :

"आमच्याकडे नेमलेले व प्रशिक्षित प्रथमोपचारक आहेत. ते कामाच्या वेळेत आमचे कर्मचारी, कंत्राटी कामगार, पाहुणे व ग्राहक यांना प्रथमोपचार देतात. यात रक्तस्राव थांबवणे, छातीदाब व श्वास, एईडीचा (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) वापर आणि प्रशिक्षणात शिकवलेले इतर उपचार येतात. कृपया कळवावे : (१) यांपैकी प्रत्येक गटाला दिलेल्या उपचारातून आलेला दावा कोणत्या पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली येतो? (२) दावा प्रथमोपचारकावर व्यक्तिशः आला तर बचावखर्च व भरपाई मिळेल का? (३) व्यावसायिक वा वैद्यकीय सेवेचा अपवाद याला लागू होतो का? (४) प्रमाणपत्राची वैधता ही अट आहे का? (५) आमच्या जागेबाहेर, पण कामानिमित्त असताना दिलेला उपचार धरला जातो का? (६) कर्मचाऱ्याविरुद्ध सब्रोगेशनचा हक्क सोडला आहे का?"

उत्तर गोलमोल आलं तर तेच प्रश्न पुन्हा पाठवा. 'पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून' हे उत्तर नाही. आणि उत्तर आलं की ते पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवा, एखाद्याच्या मेलबॉक्समध्ये नको. तो माणूस नोकरी सोडतो आणि मेलबॉक्स बंद होतो.

एईडी बसवला, प्राणवायूचा सिलिंडर आणला, पाळणाघर सुरू केलं, तर विमा कंपनीला कळवा. विमा देताना माहीत नसलेली जोखीम नंतर उघड झाली की वाद वाढतात.

नेमणूकपत्र

तोंडी नेमणूक ही सगळ्यात कच्ची जागा. 'तू कोर्स केलास ना, मग तूच बघ' अशा नेमणुकीत, प्रथमोपचार हा त्याच्या नोकरीचा भाग होता की त्याने स्वतःहून केलेली मदत होती, हा वाद कोणीही घालू शकतं. एक पानाचं पत्र पुरतं. त्यात नेमणुकीची तारीख, कुठल्या जागेसाठी आणि कुठल्या पाळीसाठी, प्रथमोपचार देणं हे नोकरीच्या कामात धरलं आहे हे वाक्य, आणि कंपनीची हमी : प्रशिक्षणाच्या मर्यादेत सद्हेतूने दिलेल्या उपचारातून दावा आला तर कंपनी विमा कंपनीला त्याच्यासाठी संरक्षणाची विनंती करेल, आणि विम्यातून न मिळालेला भाग स्वतः सोसेल. ही हमी नोकरी सुटल्यावरही चालू राहील हे लिहायला विसरू नका. मुद्दाम केलेलं कृत्य किंवा नशेत केलेला उपचार वगळायला हरकत नाही. कुठलीच विमा कंपनी तेवढं देत नाही, आणि फौजदारी दंडही भरत नाही.

फर्स्ट एडर हे वाचत असाल तर पत्र मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

प्रशिक्षणाची हद्द

विमा आणि प्रशिक्षण यांची सांधेजोड एका शब्दात आहे : हद्द. जे शिकवलं तेवढंच केलं तर बचाव भक्कम असतो. इंटरनेटवर बघून केलेल्या करामतीचं तसं नाही.

सगळ्यात जास्त हद्द ओलांडली जाते ती गोळ्यांनी. कोणाचं डोकं दुखतं, कोणाला पित्त झालंय, आणि पेटीत पाकीट आहेच. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनात आजारावर गोळ्या-औषधं देणं हे कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचारात धरलेलं नाही. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असताना ॲस्पिरिन देणं हाच अपवाद. तुमच्याकडचा नियम काहीही असो, पेटीतून वेदनाशामक गोळ्या काढून टाकणं हा विम्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ॲलर्जी, दमा, चालू असलेली दुसरी औषधं यांतलं काही फर्स्ट एडरला ठाऊक नसतं. ज्याची गोळी त्याच्याच खिशात असेल आणि ती घ्यायला त्याला मदत हवी असेल, तर ती गोष्ट वेगळी. प्रशिक्षणात ते बहुधा शिकवलेलं असतं.

प्रमाणपत्रांच्या तारखांचा तक्ता ठेवा. ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं, जर्मनीत उजळणी दर २ वर्षांनी. तारीख उलटलेल्या माणसाचं नाव नोटीस बोर्डवर तसंच असेल, तर दावा करणाऱ्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. तो मुद्दा फर्स्ट एडरवर कमी आणि मालकावर जास्त शेकतो. एईडीच्या पॅड्सची आणि बॅटरीची मुदत संपल्याचंही तसंच.

भारतीय कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४५ मध्ये दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, आणि प्रत्येक पेटीची जबाबदारी प्रमाणपत्रधारक, कामाच्या वेळेत हजर असणाऱ्या स्वतंत्र व्यक्तीवर, अशी तरतूद होती. त्यातला 'हजर असणाऱ्या' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. रात्रपाळीला एकही फर्स्ट एडर नसणं ही निष्काळजीपणाची तक्रार ठरू शकते, आणि ती मालकावर येते.

जिथे बहुतेक पॉलिसी चाचपडतात

जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर कोणी कोसळलं आणि तुमचा फर्स्ट एडर धावला, तर तो नोकरीच्या कक्षेत होता का? बहुधा नाही. तिथे त्याला आधार कायद्याचा, कंपनीच्या विम्याचा नाही. ग्राहकाच्या जागेत काम करताना मदत केली तर उत्तर पॉलिसीतल्या भौगोलिक आणि 'कामानिमित्त' या शब्दांवर ठरतं. कंपनीची सहल, क्रीडा दिवस, प्रदर्शनातला स्टॉल, हे सगळं आधी विचारून ठेवा.

एकाच इमारतीत अनेक कंपन्या असतील तर मजल्यामजल्यावरचे फर्स्ट एडर एकमेकांना मदत करतात, आणि करावीच. फक्त शेजारच्या कंपनीचा माणूस तुमच्यासाठी त्रयस्थ आहे हे लक्षात ठेवून पब्लिक लायबिलिटीची बाजू पक्की करा. शेजाऱ्यांशी लेखी समजूत असेल तर ती विमा कंपनीला दाखवा, कारण कराराने अंगावर घेतलेलं दायित्व पॉलिसीतून वगळलेलं असू शकतं.

फर्स्ट एडर एजन्सीचा गार्ड असेल, तर एजन्सीची पॉलिसी मागा आणि तुमचं नाव तिच्यात प्रिन्सिपल, म्हणजे काम देणारी कंपनी, म्हणून घालून घ्या. माझ्या मते नेमणूक शक्यतो स्वतःच्या पगारावरच्या माणसाचीच करावी. एजन्सी बदलली की प्रशिक्षण, पत्र, विमा सगळं नव्याने.

आणि फर्स्ट एडरला स्वतःला काही झालं तर? सुई टोचली, पाठ धरली. हा त्याच्या कामावरच्या दुखापतीचा प्रश्न आहे, दायित्वाचा नाही. पण नेमणूकपत्रात प्रथमोपचार हे त्याचं काम म्हणून लिहिलेलं असेल तर इथेही तेच पत्र उपयोगी पडतं. अमेरिकेत रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या नियमांत अशा कामावर असणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस मालकाने देऊ करायची असते. बाकीच्यांनीही ती पद्धत उचलावी.

वैयक्तिक पॉलिसी घ्यावी का?

फक्त नोकरीच्या जागेत, कंपनीने नेमलेले फर्स्ट एडर असाल आणि वरचे कागद जागेवर असतील, तर गरज नाही. सुट्टीच्या दिवशी स्पर्धा, मेळावे, ट्रेक यांत पैसे घेऊन प्रथमोपचार सेवा देत असाल किंवा इतरांना प्रशिक्षण देत असाल, तर मात्र हवी. तो तुमचा स्वतःचा व्यवसाय झाला. स्वयंसेवी संस्थेतर्फे जात असाल तर संस्थेची पॉलिसी स्वयंसेवकांना विमाधारक धरते का, तेवढं विचारा.

घटना घडली की

उपचार आटोपला, माणूस पुढे रवाना झाला, की त्याच दिवशी नोंद. "हाताला लागलं, पट्टी बांधली, बरं वाटलं" ही नोंद बचावाला काही देत नाही. अशी हवी : "दुपारी ३.१० वाजता लोडिंग बेजवळ. जखमी बाहेरचा ड्रायव्हर, शुद्धीवर, मदतीला हो म्हणाला. उजव्या मनगटाच्या वर सूज, हात हलवता येत नव्हता, बोटांना स्पर्श कळत होता. हात आहे त्या स्थितीत आधार देऊन झोळीत ठेवला. ३.१५ ला रुग्णवाहिका बोलावली. ३.३८ ला ताब्यात दिला. त्या वेळी बोटांचा रंग व स्पर्श पूर्वीसारखा." काय पाहिलं, काय केलं, कधी केलं. निदान लिहायचं नाही, 'हाड मोडलं' हे ठरवणं तुमचं काम नव्हे. जखमीने मदत नाकारली तर तेही वेळेसह लिहा, शक्य असेल तर साक्षीदाराचं नाव. नोंदवही सगळ्यांना चाळता येईल अशी ठेवू नका, त्यात लोकांच्या तब्येतीची माहिती असते.

उपचारानंतर तब्येत बिघडल्याचं कळलं, नातेवाइकांनी रागाने फोन केला, किंवा कोणी सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं, तर नोटीस येण्याची वाट न पाहता विमा कंपनीला 'दाव्याची शक्यता असलेली घटना' म्हणून कळवा. दावा आल्यावरच चालणाऱ्या पॉलिसीत बरेचदा घटना वेळेत कळवली तर नंतरचा दावा त्याच वर्षाच्या पॉलिसीत धरला जातो. फुटेज पुसलं जाण्याआधी जपून ठेवा, पेटीतल्या वापरलेल्या वस्तूंची यादी करा.

भेटायला जा, विचारपूस करा, काही अडचण नाही. पण 'आमच्याच माणसाचं चुकलं, आम्ही भरपाई देऊ' असं लेखी वा तोंडी कबूल करू नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व मान्य करायचं नाही ही अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. फर्स्ट एडरनेही व्हॉट्सॲप ग्रुपवर घडलेलं सविस्तर लिहू नये. सांगायचं असेल ते नोंदवहीत आणि वकिलाला.

वकिलाची नोटीस आली तर उत्तर स्वतः देऊ नका. पाकीट कोणत्या तारखेला हातात पडलं ते लिहा, आणि नोटीस, नोंदवहीचं पान, प्रमाणपत्राची प्रत, नेमणूकपत्र आणि विमा कंपनीचं ते जुनं ईमेल, असा सगळा गठ्ठा त्याच दिवशी ब्रोकर आणि विमा कंपनी दोघांना पाठवा. दाव्यात फर्स्ट एडरचंही नाव असेल तर त्याच्यासाठी संरक्षणाची विनंती कंपनीने त्याच पत्रात करावी आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्यावी.